बॉल चार्जिंगला लावलाय! मैदानावरच्या यंत्रांच्या गमतीजमती

सीमारेषा

सामन्याआधी फुटबॉलमध्ये हवा भरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आता त्याला चार्जिंगलाही लावतात! २०२२ च्या कतार विश्वचषकातल्या 'अल रिहला' बॉलच्या मधोमध एक सेन्सर ताणून बसवला होता. बॉलची हालचाल तो सेकंदाला ५०० वेळा कळवायचा. पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात ब्रुनो फर्नांडिसने मारलेला क्रॉस थेट जाळ्यात गेला आणि रोनाल्डो आपणच डोकं लावल्याच्या थाटात नाचला. सेन्सरच्या आलेखात त्या क्षणी साधा थरथराटही नव्हता. गोल फर्नांडिसच्या नावावर लागला.

पण सेन्सरचं खरं काम ऑफसाइडसाठी, म्हणजे पास सुटला त्या क्षणी पुढचा खेळाडू बचावपटूच्या पलीकडे होता का हे ठरवायला. हिशोब करून बघा. ताशी ३० किलोमीटरने पळणारा खेळाडू सेकंदाला ८.३ मीटर जातो. सेकंदाला ५० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांच्या मध्ये तो १७ सेंटिमीटर सरकलेला असतो. बचावपटू उलट दिशेने तेवढ्याच वेगाने येत असेल तर दोघांतलं अंतर ३३ सेंटिमीटरने बदलतं. मग पास नेमका कुठल्या चित्रात सुटला? आधीच्या की नंतरच्या? पडद्यावर रेघ केसाएवढी बारीक आखायची आणि क्षणच वीतभर मागेपुढे, असा प्रकार होता. सेकंदाला ५०० नोंदी आल्या की १७ सेंटिमीटरची चूक पावणेदोन सेंटिमीटरवर येते. खेळाडूंच्या शरीरावरचे २९ बिंदू छताखालचे १२ कॅमेरे टिपत होतेच. अडलं होतं ते पायाने बॉलला कधी स्पर्श केला यापाशी.

अशा गोष्टी या धाग्यावर गोळा करूया. यंत्र नेमकं काय मोजतं आणि कुठे फसतं, तेही लिहा. नुसतं 'तंत्रज्ञान किती पुढे गेलंय' नको.

दुसरी स्लिप

मग क्रिकेटमध्ये यष्ट्यांवर ठेवतात त्या दिव्यांच्या बेल्सपासून सुरुवात. आत बॅटरी, सेन्सर आणि एलईडी. बेल खाचेतून पूर्ण सुटली की सेकंदाच्या हजाराव्या भागात दिवा लागतो. धावबादच्या निर्णयात याचा फार फायदा आहे, कारण साध्या लाकडी बेलच्या बाबतीत 'सुटली का नुसती हलली' हे चित्रात ओळखणं कठीण जायचं.

आणि फसगत? २०१९ च्या विश्वचषकात चेंडू यष्टीला लागूनही बेल न पडण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा झाले. पहिल्याच सामन्यात आदिल रशीदचा चेंडू डी कॉकच्या यष्टीला घासून थेट चौकार गेला. पुढे भारताविरुद्ध वॉर्नरने बुमराहचा चेंडू स्वतःच्या यष्टीवर ओढला, बेल जागच्या जागी. नियम स्पष्ट आहे: निदान एक बेल यष्ट्यांच्या डोक्यावरून पूर्ण निघाली पाहिजे, नाहीतर यष्टी उखडली पाहिजे. उडून परत खाचेत बसलेली बेल म्हणजे नाबाद.

लोक लगेच दिव्यांच्या वजनाला दोष देतात, पण साध्या लाकडी बेल्सही अशा अडकलेल्या आहेत. बेल वर उचलली जाऊन खाचेबाहेर पडावी लागते. चेंडू घासून गेला तर यष्टीला आडवा धक्का बसतो, वर उडवणारा धक्का जवळपास नाही. कडक जमिनीत घट्ट रोवलेली यष्टी हलतेही कमी. खाचेत माती किंवा ओल असेल तर बेल आणखी चिकटून बसते. म्हणून गल्लीपासून मोठ्या मैदानापर्यंत एकच उपाय: डाव सुरू होण्याआधी खाचा पुसा, बेल बोटाने हलकेच उचलून बघा. विरोध न होता निघाली पाहिजे. नियमानुसार तिने यष्टीच्या वर १.२७ सेंटिमीटरहून जास्त डोकावायचं नसतं, म्हणजे खाच उथळ ठेवायलाही मर्यादा आहे. फार वारा असेल तर अंपायर बेल्सशिवायही खेळवू शकतात.

जाळीमागे

माझ्याकडून माणसाच्या डोक्याची गोष्ट. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडच्या इनव्हरनेसमध्ये एअर युनायटेडविरुद्धचा सामना आपोआप वळणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवला जात होता. कॅमेरामन नाही, यंत्रच बॉल ओळखून त्याच्यामागे वळतं. लाइन्समनला टक्कल होतं. यंत्राने तेच बॉल समजून धरून ठेवलं आणि सामना पाहणाऱ्यांना बराच वेळ लाइन्समनच दिसत राहिला!

यात यंत्र मूर्ख नाही. ते शोधतंय काय? गोल, उजळ, आकाराने अमुक पिक्सेलचं, हिरव्या पार्श्वभूमीवर सरकणारं काहीतरी. चकचकीत टाळू या चारही कसोट्यांवर उतरते. त्यात खरा बॉल खेळाडूंच्या पायांआड लपतो, सावलीत काळवंडतो, कधी पांढऱ्या रेघेवर विरघळतो. टाळू मात्र सतत उघड्यावर, आणि लाइन्समन खेळाच्या ओघाबरोबरच धावतो.

असा कॅमेरा लावणाऱ्यांसाठी: बॉल मैदानाच्या आतच शोधायचा अशी सीमा सेटिंगमध्ये आखून घ्या, आणि ती रेषेपासून थोडी आत घ्या. लाइन्समन आपोआप बाहेर पडतो. तोटा एवढाच की थ्रो-इनच्या वेळी बॉल क्षणभर हरवतो.

मोजपट्टी

@जाळीमागे, हे फार आवडलं. गोलरेषेच्या यंत्राचंही असंच आहे, अवघड वेगाने ते फसलं नाही, फसलं गर्दीने. १७ जून २०२० चा ॲस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड सामना. गोलकीपर बॉल छातीशी धरून मागे सरकत स्वतःच रेषेपलीकडे गेला. प्रत्येक गोलवर सात कॅमेरे, पण गोलकीपर, बचावपटू आणि खांब यांनी सातही कॅमेऱ्यांची वाट अडवली. रेफ्रीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलंच नाही. तोवरच्या ९,००० हून अधिक सामन्यांत असं झालं नव्हतं. सामना ०-० सुटला आणि हंगामाअखेर व्हिला एका गुणाने खालच्या विभागात जाण्यापासून वाचला.

हे यंत्र बॉलचा फोटो पाहून निर्णय देत नाही. निरनिराळ्या कोनांतून दिसलेल्या बॉलच्या जागा जोडून त्रिमितीतलं ठिकाण काढतं. निदान दोन कॅमेऱ्यांना बॉल दिसला नाही तर त्याच्यापाशी उत्तरच नसतं. आणि उत्तर नसलं की घड्याळ गप्प राहतं, 'गोल नाही' असतानाही गप्पच राहतं. गोल झाला नाही आणि मला दिसलं नाही, या दोन गोष्टी रेफ्रीला सारख्याच वाटतात. माझ्या मते घड्याळावर 'दिसत नाही' असा तिसरा संकेत हवाच.

फोरहँड

टेनिसची भर. विम्बल्डनने २०२५ पासून लाइन जज काढून टाकले, आवाज देतं यंत्र. त्याच वर्षी पाव्ह्लुचेंकोव्हा-कार्टल सामन्यात बॉल रेषेबाहेर पडला आणि यंत्र शांत. चौकशीत कळलं की कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणा ऑपरेटरकडून चुकून बंद झाली होती. गुण पुन्हा खेळवला. नंतर सामना चालू असताना ती बंदच करता येणार नाही अशी सोय केली.

दोनच दिवसांनी फ्रिट्झ-खाचानोव्ह सामन्यात याहून मजेशीर घडलं. सर्व्हिसची हालचाल सुरू झाली तेव्हा बॉल उचलणारं पोर अजून जाळीपाशी होतं. त्यामुळे गुण सुरू झाला हेच यंत्राला कळलं नाही. पुढचा चालू खेळातला फोरहँड त्याने सर्व्हिस समजून मोजला आणि ओरडलं, 'फॉल्ट!' सर्व्हिसच्या चौकटीबाहेर तो होताच, म्हणजे मोजमाप अचूक आणि प्रश्न चुकीचा.

बाराखडी

एक शंका. पायचीतमध्ये पडद्यावर चेंडू यष्टीला लागताना स्वच्छ दिसतो आणि तरी 'अंपायर्स कॉल' म्हणून फलंदाज नाबाद. दिसतंय ते खरं धरायचं की नाही?

दुसरी स्लिप

@बाराखडी, पॅडला लागेपर्यंतचं दिसतं ते मोजलेलं, त्यापुढचं दिसतं ते अंदाजाने काढलेलं. रंग एकच असल्याने दोन्ही सारखंच खरं वाटतं. सगळा घोळ इथे आहे.

एक उदाहरण. टप्पा पडून चेंडू ४० सेंटिमीटरवर पॅडला लागला. टप्प्यानंतरचा वेग सेकंदाला ३० मीटर धरा. त्या अंतराला लागतात १३ मिलिसेकंद. सेकंदाला ३४० चित्रांच्या कॅमेऱ्याला यात चार-पाच चित्रं मिळतात. त्या चार-पाच ठिपक्यांवरून पुढचा दीड-दोन मीटरचा मार्ग काढायचा. टप्पा आणि पॅड यांत दोन मीटर असतील तर तेवीसेक ठिपके मिळतात आणि मार्ग पक्का होतो. फुल टॉसला टप्पाच नाही, त्यामुळे तिथे चेंडू सरळ पुढे जात राहील असं गृहीत धरतात.

म्हणून नियम असा: मैदानावरच्या अंपायरने नाबाद दिलं असेल तर ते फिरवायला निम्म्याहून जास्त चेंडू यष्ट्यांच्या पट्ट्यात लागला पाहिजे. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, म्हणजे ३.६ सेंटिमीटर. त्याहून कमी लागत असेल तर मूळ निर्णय कायम आणि रिव्ह्यूही शाबूत. पट्टाही बदलत गेला. २०१६ मध्ये तो बाजूंनी रुंदावून ऑफ आणि लेग स्टंपच्या बाहेरच्या कडांपर्यंत नेला, २०२१ मध्ये उंचीलाही वाढवून यष्टीच्या टोकापर्यंत. फलंदाजांसाठी ही वाईट बातमी होती, फिरकीपटूंना मात्र चांगली. लेग स्टंपबाहेरच्या टप्प्याला ही सवलत नाही. तिथे टप्पा प्रत्यक्ष मोजलेला असतो, अंदाज लागतच नाही.

कानोसा

स्निकोबद्दल, म्हणजे चेंडू बॅटची कड घेऊन गेला का ते आवाजावरून दाखवणाऱ्या यंत्राबद्दल. स्टंप मायक्रोफोन बॅटपासून दीडेक मीटरवर असतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे 'टक्' पोहोचायला चार-साडेचार मिलिसेकंद. हे क्षुल्लक वाटेल, पण या वेळात १२५ च्या वेगाचा चेंडू पंधरा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे चेंडू बॅट ओलांडून गेल्यावर आलेखात टोक दिसलं म्हणून 'कड नाहीच' म्हणू नये. आवाज आणि चित्र जुळवताना हा उशीर वजा करावा लागतो, आणि जुळवणी एक-दोन चित्रांनी चुकली तर निर्णय उलटतो.

टोकाचा आकारही पाहावा. कडेचा आवाज अरुंद, टोकदार, झटकन विझणारा. बॅट जमिनीला किंवा पॅडला लागली तर जाड, पसरट. हँडलची करकर कधीकधी कडेसारखीच दिसते. हॉटस्पॉटमध्ये आवाजाचा संबंध नाही, तिथे घासल्याची उष्णता इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पांढरा ठिपका होऊन दिसते. पण जोरात फिरणाऱ्या बॅटवर बारीक कडेचा ठिपका पुसट होतो.

पाणकोंबडी

पोहण्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून हे सविस्तर. बीजिंग २००८, १०० मीटर बटरफ्लाय: फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. पाण्याबाहेरून पाहताना चाविच आधी पोहोचल्यासारखा वाटतो. तो हात लांबवून घसरत आला, फेल्प्सने शेवटचा अर्धा हात जादा मारला आणि भिंतीवरच्या वेळ मोजणाऱ्या पाटीवर (टचपॅडवर) आपटला. टचपॅडला नुसता स्पर्श पुरत नाही, दाब लागतो. तसं नसतं तर पहिली लाटच शर्यत जिंकून गेली असती. पोहणाऱ्यांना म्हणूनच शिकवतात: बोटं ताठ ठेवून पाटीच्या आत घुसायचं, वरून थोपटायचं नाही. आणि स्पर्श फारच हलका झाला तर वेळ नोंदलीच जात नाही, मग पंचाच्या बटणावरची वेळ शोधावी लागते.

पाटी २.४ मीटर रुंद, ०.९ मीटर उंच, जाडी फार तर एक सेंटिमीटर. त्यातला ३० सेंटिमीटर भाग पाण्यावर, ६० खाली. दोन्ही टोकांना पाट्या लावल्या तर तलाव दोन सेंटिमीटरने आखूड होतो! ५० मीटर पाट्यांच्या मधलं अंतर भरलं पाहिजे, म्हणून तलाव बांधतानाच ही जाडी धरून लांबी ठेवावी लागते. जुन्या तलावात पाट्या टांगून विक्रम झाला तर तो अंतर मोजताना बाद होऊ शकतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. घड्याळ हजाराव्या भागापर्यंत मोजू शकतं, तरी पोहण्यात शतांशावर का थांबतात? १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेत लार्सनने मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवलं. नंतर लोकांनी हिशोब मांडला. पोहणारा सेकंदाला साधारण दोन मीटर जातो, हजाराव्या भागात दोन मिलिमीटर. आणि तलावाच्या एका लेनला तीन सेंटिमीटरपर्यंत जास्त लांबी चालते! म्हणजे शेजारच्या लेनमधला प्लास्टर जाड असला तरी निकाल बदलेल. तेव्हापासून शतांश सारखे तर पदक वाटून. रिओ २०१६ मध्ये १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्स, ल क्लो आणि चेह तिघेही ५१.१४, तिघांनाही रौप्य. घड्याळात क्षमता असूनही ती न वापरणं, हा मला खेळातला सगळ्यात शहाणा तांत्रिक निर्णय वाटतो.

सीमारेषा

@पाणकोंबडी, प्लास्टरचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. मग धावण्यात हजारावा भाग का चालतो?

थांबाघड्याळ

कारण धावण्यात सगळ्यांची शेवटची रेघ एकच असते, प्रत्येकाची वेगळी भिंत नसते. पॅरिस २०२४, १०० मीटरची अंतिम शर्यत: लाइल्स ९.७८४, थॉम्पसन ९.७८९. शतांश पुढच्या अंकाकडे नेतात, म्हणून कागदावर दोघेही ९.७९.

फोटोफिनिश हा फोटो नव्हेच. कॅमेरा फक्त रेघेवरची एक उभी फट पाहतो आणि सेकंदाला हजारो फटी शेजारी शेजारी चिकटवतो. चित्रात डावी-उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते. म्हणून रेघेवर टेकलेलं पाऊल लांबलचक दिसतं, कारण ते तिथे जास्त वेळ राहिलं. पुढे झेपावणारा हात सुतासारखा बारीक होतो. थॉम्पसनचं पाऊल लाइल्सच्या आधी पोहोचलं होतं, पण मोजतात ते धड. डोकं, मान, हातपाय यांना किंमत नाही.

सुरुवातीलाही गंमत आहे. पिस्तूल आतल्या कडेला असेल तर आठव्या लेनपर्यंत दहाएक मीटर, म्हणजे ०.०३ सेकंद. पॅरिसमधल्या फरकाच्या सहापट! म्हणून धावपटू ज्याला पाय टेकून निघतो त्या प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो. ब्लॉकवरचा दाब ०.१०० सेकंदाच्या आत वाढला तर फॉल्स स्टार्ट. यूजीन २०२२ च्या जागतिक स्पर्धेत डेव्हन ॲलन ०.०९९ ला निघाला आणि ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीतून बाद झाला.

पातं

तलवारबाजीत तर १९३६ च्या ऑलिंपिकपासून एपे (तलवारीचा एक प्रकार) विजेवर चालते. टोकाला स्प्रिंगचं बटण, पात्यावरच्या खोबणीतून दोन तारा, मुठीतून अंगावरच्या वायरला. टोक उभं धरून ७५० ग्रॅम वजन ठेवतात, स्प्रिंगने ते वर उचललं पाहिजे. फॉइल या दुसऱ्या प्रकारच्या तलवारीला ५०० ग्रॅम. मग एपेला १.५ मिलिमीटरची पट्टी बटणाखाली सरकते का बघतात, आणि ०.५ मिलिमीटरची पट्टी ठेवून दाबलं तर दिवा लागता कामा नये.

बिघाड ओळखायची खूण: फॉइलचं सर्किट एरवी जोडलेलं असतं, म्हणून तार तुटली की पांढरा दिवा आपोआप लागतो. एपेचं एरवी तुटलेलं, तिथे तार गेली की दिवा लागतच नाही आणि खेळाडू मारत बसतो. बहुतेक वेळा तार प्लगच्या तोंडाशी तुटते, घामाने हिरवट झालेली असते. मुठीच्या वाटीवर गंज असेल तर वाटीवरचा वारही गुण देऊन जातो, म्हणून वाटी आतबाहेर घासून ठेवायची. टोकाचे दोन बारीक स्क्रू हरवले की बटण निखळतं.

१९७६ ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत खेळाडू ओनिश्चेंकोच्या एपेने प्रतिस्पर्ध्याला न लागताच दिवा लावला. मुठीत लपवलेलं बटण सापडलं आणि त्याला स्पर्धेतून काढलं.

बाराखडी

@थांबाघड्याळ, शाळेच्या स्पर्धेत मोबाइलने फोटोफिनिश जमेल का? १०० मीटर, आठ लेन.

थांबाघड्याळ

जमेल, सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनवर. नऊ मीटर वेगाला दोन चित्रांत पावणेचार सेंटिमीटरचा फरक राहतो, साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओत तोच ३० सेंटिमीटर.

सगळ्यात जास्त चूक जागेची होते. रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक उभी काठी रोवा आणि दोन्ही एकामागे एक येऊन एकच दिसेपर्यंत तिवई सरकवा. ट्रॅकपासून पाच मीटरवरचा फोन जवळच्या काठीवर रोखलेला असून रेघेपासून फक्त १० सेंटिमीटर बाजूला असेल, तर १० मीटर रुंद ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला २० सेंटिमीटरची चूक होते. फोन खांद्याच्या बराच वर ठेवा, नाहीतर जवळचा धावपटू लांबच्यांना झाकतो. एक्स्पोजर आणि फोकस बोट दाबून लॉक करा. झूम करू नका.

क्रमांकासाठी एवढं पुरे. वेळही हवी असेल तर सुरुवातीचा आवाज त्याच व्हिडिओत येईल, पण १०० मीटरवरून ०.२९ सेकंद उशिरा. तेवढे मिळवा. हातघड्याळवाल्यांनी पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबायचं, आवाजावर नाही. तीन घड्याळं असतील तर मधली वेळ घ्यायची.

बाराखडी

काठ्यांची युक्ती लिहून ठेवली. ०.२९ मिळवायचे की वजा करायचे, यात गडबड होणार होती.

थांबाघड्याळ

मिळवायचेच. व्हिडिओत आवाज उशिरा आला म्हणजे शर्यत त्याआधीच सुरू झालेली असते, त्यामुळे मोजलेली वेळ कमी भरते. ऊन असेल तर सूर्य फोनच्या पाठीमागे ठेवा, नाहीतर पलीकडच्या लेनमधली धडं काळी पडतात आणि छाती कुठे संपते ते कळत नाही. नंबर मोठे छापा, आणि छातीखेरीज मांडीच्या बाजूलाही एक चिकटवा. कॅमेरा बाजूने पाहतो, त्याला छातीवरचा नंबर दिसतच नाही.